प्रायश्चित्त की पश्चात्ताप? धर्मसुधारणेच्या मुळाशी असलेल्या एका शब्दाची पार्श्वभूमी

शालेय इतिहासात 'प्रबोधन' आणि 'धर्मसुधारणा' ही दोन प्रकरणे एकामागोमाग येतात. पहिल्यात फ्लॉरेन्स, चित्रे, पुतळे. दुसऱ्यात जर्मनीतल्या विटेनबर्गचा मठवासी प्राध्यापक मार्टिन ल्यूथर आणि त्याची ९५ कलमे. दोन्ही पाठ करून झाले तरी एकातून दुसरे निघाले कसे, हे काही कळत नाही. ते कळण्यासाठी एका ग्रीक क्रियापदाकडे जावे लागते, आणि मराठी माणसाला ते फारसे जड जाऊ नये. आपल्याकडे प्रायश्चित्त घेतात आणि पश्चात्ताप होतो. पहिले दुसऱ्या कुणी तरी सांगितलेले असते, त्याचा विधी असतो, बहुतेक वेळा खर्चही असतो. दुसरा आतून येतो आणि त्याची पावती मिळत नाही. (पुण्यात पंचहौद मिशनमधल्या चहावरून जे रण माजले, त्यात प्रायश्चित्त घेणाऱ्यांना पश्चात्ताप झाला होता का, हे कुणी विचारल्याचे ऐकिवात नाही.)

बायबलातल्या मॅथ्यूच्या शुभवर्तमानात बाप्तिस्मा देणारा योहान आणि नंतर येशू लोकांना सांगतात, मूळ ग्रीकमध्ये, 'मेटानोइटे'. पश्चिम युरोप हजारेक वर्षे जे लॅटिन बायबल वाचत होता, त्यात इथे शब्द होते 'पेनितेन्तिआम आगिते'. त्याचा सरळ अर्थ लोक घेत ते 'प्रायश्चित्त करा' असा. आणि प्रायश्चित्त म्हणजे चर्चचा संस्कार: मनातली खंत, धर्मगुरूपुढे पापनिवेदन, आणि त्याने सांगितलेली भरपाई. या तिसऱ्या पायरीवर पुढचा सगळा व्यवहार उभा राहिला.

आपण ज्यांना 'पापमुक्तीपत्रे' म्हणतो, त्यांच्याबाबत हे नावच गोंधळात टाकते. चर्चच्या शिकवणुकीत दोष आणि दंड या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. दोष निवेदनानंतर क्षमा होई. दंड मात्र उरे, आणि तो इथे किंवा मृत्यूनंतर शुद्धिस्थानात भोगावा लागे. पत्राने माफ होई तो दंड. म्हणजे नेमका शब्द 'दंडमाफी' असा हवा. १३४३ मध्ये पोपच्या आज्ञापत्राने संतांच्या पुण्यसंचयातून ही माफी देता येते असे ठरवले. १४७६ मध्ये ती शुद्धिस्थानातल्या मृतांनाही लागू झाली. कागदावरचा हा भेद बारीक आणि काटेकोर होता. बाजारात तो टिकला नाही. जर्मनीतल्या माइन्त्सच्या आर्चबिशपच्या नावाने प्रचारकांसाठी जी सूचनापत्रिका निघाली, तिच्यात राजेराण्या आणि बिशपांसाठी २५ सुवर्णनाणी, खाली उतरत जाणारे दर, आणि गरिबांसाठी प्रार्थना व उपवास अशी सोय होती. मृतासाठी पैसे भरणाऱ्याला स्वतःला खंत वाटण्याचीही गरज नाही, असेही तिच्यात होते. जमा रकमेचा अर्धा भाग रोमला सेंट पीटरच्या बांधकामाकडे जायचा, अर्धा आर्चबिशपचे कर्ज फेडायला आउग्सबुर्गच्या सावकारी पेढीकडे. तेव्हा 'पापमुक्तीपत्र' हे नाव शास्त्राला धरून चुकीचे असले, तरी विकणाऱ्यांच्या तोंडी तेच होते, आणि भाषांतरकारांना फार दोष देता येत नाही.

यातली गंमत अशी, की खिळे जुळवून छापलेले, तारीख असलेले युरोपातले सर्वात जुने कागद हेच आहेत. १४५४ मध्ये माइन्त्सला छापलेली ही एकपानी पत्रे, सायप्रसच्या रक्षणासाठी निधी गोळा करायची. चर्मपत्रावर मजकूर छापलेला, नावासाठी आणि तारखेसाठी जागा कोरी. कारकून ती शाईने भरून देई. सरकारी फॉर्म भरायची सवय असलेल्या आपल्याला हे पान लगेच ओळखीचे वाटेल. छापखान्याने धर्मसुधारणा घडवली असे नेहमी सांगतात. तिच्या पन्नास-साठ वर्षे आधी तो समोरच्या पक्षाचा पगारी नोकर होता.

आता इटलीकडे. तिथल्या मानवतावाद्यांनी, म्हणजे प्राचीन ग्रंथांच्या अभ्यासकांनी, जुन्या लॅटिनचा इतका अभ्यास केला होता, की कुठला शब्द कुठल्या शतकात असू शकत नाही हे ते सांगू शकत. १४४० मध्ये त्यांच्यातल्या एकाने पोपला राज्य बहाल करणारे, सम्राट कॉन्स्टंटाइनचे म्हणून दाखवले जाणारे दानपत्र भाषेवरूनच बनावट ठरवले. त्यानेच नव्या कराराच्या ग्रीक आणि लॅटिन पाठांची तुलना करून टिपा लिहिल्या. (पुढे त्याला पोपच्याच दरबारात नोकरी मिळाली, त्या काळचे रोम आपण समजतो तितके कर्मठ नव्हते.) त्या टिपांचे हस्तलिखित १५०४ मध्ये लूव्हांजवळच्या एका मठात रॉटरडॅमच्या एका विद्वानाच्या हाती लागले. त्याने ते पुढच्या वर्षी पॅरिसला छापले आणि १५१६ मध्ये बाझलहून स्वतःचा नवा करार काढला: डावीकडे ग्रीक, उजवीकडे त्याचे लॅटिन, टिपा शेवटी. काम घाईचे होते. हस्तलिखितात शेवटचे पान नसल्याने 'प्रकटीकरण' या नव्या करारातल्या शेवटच्या पुस्तकाच्या अखेरच्या सहा ओव्या त्याने लॅटिनवरून उलट्या ग्रीकमध्ये नेल्या. पण 'मेटानोइटे'वरची टीप पक्की होती: याचा अर्थ शुद्धीवर या, मन पालटा.

विटेनबर्गला ल्यूथरपर्यंत ही प्रत पोचली. ९५ कलमांतले पहिलेच कलम या शब्दाबद्दल आहे: ख्रिस्ताने हे म्हटले तेव्हा भक्ताचे सगळे आयुष्यच पश्चात्तापाचे असावे असे त्याला अभिप्रेत होते. दुसरे कलम सांगते, की धर्मगुरूच्या संस्काराला हे वचन लावता येत नाही. दंडमाफी सरसकट नाकारलेली त्या कलमांत कुठेही सापडत नाही. ३१ ऑक्टोबर १५१७ ला ती आर्चबिशपला पाठवली हे नक्की. चर्चच्या दारावर हातोड्याने ठोकली, ही कथा बरीच नंतरची आहे आणि १९६० च्या दशकापासून तिच्यावर वाद आहे. मला त्या हातोड्यापेक्षा मे १५१८ चे पत्र महत्त्वाचे वाटते. आपल्या जुन्या मार्गदर्शकाला ल्यूथर लिहितो, की पूर्वी या शब्दाइतका कडू शब्द माझ्यासाठी दुसरा नव्हता, आणि ग्रीक अर्थ कळल्यावर तोच गोड झाला.

पुढच्या घडामोडी वेगाने झाल्या. १५२६ च्या इंग्रजी भाषांतरात 'पश्चात्ताप' आला, तेव्हा 'प्रायश्चित्त' काढल्याबद्दल भाषांतरकारावर कडवी टीका झाली. १५४६ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने जुने लॅटिन बायबल प्रमाण ठरवले. १५६७ मध्ये रोमनेच पैशाशी जोडलेल्या दंडमाफीवर बंदी घातली, म्हणजे विटेनबर्गची निम्मी तक्रार पन्नास वर्षांनी मान्य झाली. आणि विटेनबर्गचे काय? ल्यूथरच्या १५४५ च्या जर्मन बायबलात त्या जागी 'बूसे करा' आहे. 'बूसे'त पश्चात्ताप येतो, प्रायश्चित्तही येते. जर्मनीत वाहतुकीच्या दंडाला आजही त्याच शब्दावरून नाव आहे.

ट्रेंटनंतरचा कॅथलिक पंथ आपल्या किनाऱ्यावर पोचला. प्रॉटेस्टंट झालेला इंग्लंड सोडून आलेला एक जेझुइट (या कॅथलिक संघाचा धर्मगुरू) १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि १६१६ मध्ये त्याने मराठी ओव्यांतले ख्रिस्तपुराण छापले. प्रॉटेस्टंट भाषांतरे बंगालमधल्या श्रीरामपूरहून आली ती त्यानंतर दोनशे वर्षांनी. आज मराठी बायबलात योहान म्हणतो, 'पश्चात्ताप करा'. वसईच्या कॅथलिकांत राखेच्या बुधवारापासून सुरू होणारा, ईस्टरआधीचा उपवासाचा काळ मात्र 'प्रायश्चित्तकाळ' आहे.

१९६७ मध्ये रोमने दंडमाफी अमुक इतक्या दिवसांची अशी मोजण्याची पद्धत बंद केली. माफी चालूच आहे, २०२५ च्या ज्युबिली या पवित्र वर्षातही होती. १९९९ मध्ये आउग्सबुर्गला ल्यूथरन आणि कॅथलिकांनी माणूस देवापुढे नीतिमान कसा ठरतो या प्रश्नावरच्या संयुक्त निवेदनावर सही केली, तारीख मुद्दाम ३१ ऑक्टोबर. व्हॅटिकनच्या १९७९ च्या सुधारित लॅटिन बायबलात मॅथ्यूचे 'पेनितेन्तिआम आगिते' जसेच्या तसे आहे. मार्कच्या शुभवर्तमानात, येशूच्या पहिल्या उपदेशात मात्र त्याच ग्रीक शब्दासाठी जुन्या लॅटिनमध्येही पहिल्यापासून वेगळे, एकच क्रियापद होते, 'पेनितेमिनी'. आणि राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावताना म्हणायच्या दोन वाक्यांपैकी एक आता मार्कमधले हेच आहे.