पेशंटच्या ब्लॉकवर कॅन्सरचा थिसिस: बडोद्यातल्या रेसिडेंट डॉक्टरांसाठी एथिक्स कमिटीच्या अर्जाची माहिती

ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ, तिचा तुकडा मेणात बसवून पॅथॉलॉजीत ठेवलेला ब्लॉक आणि केमोआधी घेतलेलं थोडं रक्त. प्रयोगशाळेतला शोध पेशंटच्या खाटेपर्यंत नेणारं संशोधन, म्हणजे ट्रान्सलेशनल रिसर्च, यावरच चालतं. एथिक्स कमिटीकडे, म्हणजे संशोधनात पेशंटचे हक्क जपले जातात का ते बघणाऱ्या समितीकडे, बहुतेक अर्ज अडतात तेही इथेच. प्रोटोकॉलमध्ये (अभ्यासाच्या लेखी आराखड्यात) जीनची आणि मार्करची माहिती पानंच्या पानं असते, पण ब्लॉक कोणाचा, कधीचा, कोणाच्या परवानगीने घेतला आणि त्यातलं किती वापरणार, याला दोन ओळी मिळतात. कमिटी नेमकं तेच विचारते, आणि तिने ते विचारायलाच हवं.

एमडी रेडिएशन ऑन्कॉलॉजी किंवा पॅथॉलॉजी, डीएम मेडिकल ऑन्कॉलॉजी, एमसीएच सर्जिकल ऑन्कॉलॉजी यांपैकी कुठल्याही रेसिडेंटला असा विषय घेता येतो. एनएमसीच्या (नॅशनल मेडिकल कमिशनच्या) 2023च्या पदव्युत्तर नियमांनुसार रिसर्च मेथड्सचा ऑनलाइन कोर्स आणि एथिक्सचा कोर्स (त्यात गुड क्लिनिकल प्रॅक्टिस, म्हणजे जीसीपी, येते) पहिल्या वर्षाच्या अखेरीपर्यंत पूर्ण करायचे असतात. त्यांची नोंदणी ठरावीक काळातच खुली असते, म्हणून प्रवेश मिळाल्यावर लगेच नाव घाला. जीसीपीचं प्रमाणपत्र बहुतेक कमिट्या अर्जासोबतच मागतात.

अर्ज लिहिण्याआधी पॅथॉलॉजीत जा. गाइड सर्जरीचे किंवा रेडिएशनचे असतील तर पॅथॉलॉजीतले एक सर किंवा मॅडम को-गाइड हवेतच. ब्लॉकचा ताबा त्या विभागाकडे असतो, त्यामुळे त्यांच्या एचओडींचं (विभागप्रमुखांचं) ना-हरकत पत्र नसेल तर फाइल पुढे सरकत नाही. त्याच भेटीत जुन्या ब्लॉकची अवस्था बघून घ्या. नमुना 10 टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनमध्ये ठेवायचा असतो आणि फॉर्मलिन नमुन्याच्या साधारण दहापट लागतं. मोठा नमुना लहान बरणीत कोंबला की फॉर्मलिन आतपर्यंत पोहोचत नाही. बाहेरचा थर टिकतो, मधला भाग सडतो. स्तनाच्या कॅन्सरमध्ये ईआर, पीआर, हर-2 हे मार्कर बघायचे असतील तर गाठ काढल्यापासून तासाभरात ती फॉर्मलिनमध्ये गेली पाहिजे, आणि तिथे ती कमीत कमी 6 व जास्तीत जास्त 72 तास राहिली पाहिजे. शनिवारी संध्याकाळची केस सोमवारी कापली तर चालतं. मध्ये सणाची सुट्टी आली की हिशेब बिघडतो.

गुजरातेत तंबाखू आणि माव्यामुळे तोंडाचा कॅन्सर खूप, म्हणून या विषयावरचे थिसिसही खूप. त्यात जबड्याचं हाड नमुन्यासोबत येतं. हाड मऊ करायला तीव्र आम्ल वापरलं की डीएनएचे तुकडे होतात, आणि त्या ब्लॉकवर सीक्वेन्सिंग (डीएनएचा क्रम वाचणं) करून हाती फारसं काही लागत नाही. हाड आम्लात टाकण्याआधी गाठीचा मऊ भाग वेगळा काढून त्याचा स्वतंत्र ब्लॉक करायचा, किंवा ईडीटीए या सौम्य रसायनाने सावकाश डीकॅल्सिफाय करायचं, म्हणजे हाडातलं कॅल्शियम काढायचं. यातलं काय करणार ते प्रोटोकॉलमध्ये लिहा.

सँपल साइजचा हिशेबही ब्लॉकच्या या अवस्थेवरच ठरतो. समजा 60 पेशंट लागतात आणि चाळणी लावल्यावर दर दहातले तीन ब्लॉक बाद होतील असं दिसतंय. मग 60ला 0.7ने भागा: 86 ब्लॉक हवेत. हे गणित मांडलं नाही तर दुसऱ्या वर्षी आकडा अपुरा पडतो, आणि सुधारित प्रोटोकॉल घेऊन पुन्हा कमिटीपुढे उभं राहावं लागतं. रक्त घेणार असाल तर कुठल्या ट्यूबमध्ये तेही लिहा. हेपरिन पीसीआरला (डीएनएच्या प्रती वाढवणाऱ्या तपासणीला) अडथळा करतं, म्हणून ईडीटीएची ट्यूब. प्लाझ्मामधल्या मुक्त डीएनएसाठी साध्या ईडीटीए ट्यूबमधला प्लाझ्मा चार तासांच्या आत वेगळा करून उणे 80 अंशांवर ठेवा.

फाइलमध्ये काय लावायचं: एचओडींमार्फत कव्हरिंग लेटर, गाइड आणि विद्यार्थी दोघांच्या सह्यांचा अर्ज (बऱ्याच ठिकाणी आयसीएमआरचे, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे, कॉमन फॉर्म चालतात), पूर्ण प्रोटोकॉल, केस रेकॉर्ड फॉर्म, माहितीपत्रक आणि संमतीपत्र, सगळ्या संशोधकांचे सीव्ही, बजेट, पॅथॉलॉजीची ना-हरकत, आणि नमुना बाहेरच्या लॅबमध्ये जाणार असेल तर मटेरियल ट्रान्सफर अ‍ॅग्रीमेंट (नमुना देण्याघेण्याचा करार). प्रत्येक कागदाच्या तळाशी आवृत्ती क्रमांक आणि तारीख टाका. कमिटी मंजुरी देते ती एका ठरावीक आवृत्तीला, त्यामुळे तारीख नसलेला कागद परत येतो. परदेशी संस्थेचा पैसा किंवा सहभाग असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीची मंजुरीही लागते. थिसिसच्या मुदतीत ते जमवणं अवघड, पहिल्या अभ्यासात हा खटाटोप टाळलेला बरा.

फक्त जुने ब्लॉक वापरणार असाल तर संमतीतून सूट मागता येते. आयसीएमआरच्या 2017च्या मार्गदर्शक तत्त्वांत तपासणीनंतर उरलेल्या आणि ओळख पुसलेल्या नमुन्यांसाठी ही तरतूद आहे. मात्र सूट द्यायची की नाही हे कमिटी ठरवते. प्रोटोकॉलमध्ये स्वतःच ‘संमतीची गरज नाही’ असं लिहू नका. ‘सूट मिळावी ही विनंती’ असं लिहा आणि कारण द्या.

बडोद्यात सर्वात जास्त चुका संमतीपत्राच्या भाषेत होतात. सरकारी दवाखान्यात छोटा उदेपूर, पंचमहाल इथले पेशंट येतात, तसे मध्य प्रदेशातल्या अलिराजपूर-झाबुआचेही येतात. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या मराठी घरांत आजी बाळबोध वाचते, आणि गुजराती शाळेत शिकलेला नातू गुजराती लिपी जास्त सराईतपणे वाचतो. म्हणून गुजराती, हिंदी आणि मराठी अशा तीन प्रती ठेवा आणि पेशंटलाच विचारा: तुम्हाला कुठली वाचायला सोपी? एका भाषेतून दुसरीत शब्द उचलून ठेवू नका. ‘संशोधन’ मराठीत आणि गुजरातीत रिसर्च, पण हिंदीत त्याचा अर्थ दुरुस्ती. झाबुआच्या पेशंटच्या हातात ‘आपके ट्यूमर पर संशोधन’ असा कागद दिला तर त्याला वाटेल, गाठ दुरुस्त करणार आहेत. हिंदीत ‘शोध’ किंवा ‘अनुसंधान’ लिहा. पुन्हा मराठीत ‘शोध’ म्हणजे शोधाशोध! प्रत्येक अनुवाद दुसऱ्याच कोणाकडून मूळ भाषेत उलटा करून घ्या, फरक लगेच दिसतो.

ज्यांना वाचता येत नाही त्यांना संमतीपत्र पूर्ण वाचून दाखवायचं, तेही तुमच्या टीमबाहेरच्या निःपक्ष साक्षीदारासमोर. पेशंटचा अंगठा, साक्षीदाराची सही, तारीख, आणि एक प्रत पेशंटच्या हातात. आदिवासी भागातून आलेल्या, भिली किंवा राठवी बोलणाऱ्या पेशंटसाठी ती भाषा जाणणारी व्यक्ती लागेल, तिची सोय आधीच करून ठेवा. नमुना पुढच्या अभ्यासांसाठी ठेवणार असाल तर त्यासाठी वेगळी चौकट हवी: हो किंवा नाही. ‘नाही’ म्हटलं तरी उपचारात काही फरक पडणार नाही, हे वाक्य ठळक अक्षरात छापा. बीआरसीएसारखा, कॅन्सरचा धोका वाढवणारा आनुवंशिक बदल सापडला तर पेशंटला कोण सांगणार आणि समुपदेशन कुठे होणार, तेही आधीच लिहून ठेवा.

मंजुरीचं पत्र आलं की सीटीआरआयवर, म्हणजे भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीवर, अभ्यासाची नोंदणी करा. पैसे लागत नाहीत. 1 एप्रिल 2018 पासून तिथे फक्त आगाऊ नोंदणी होते, म्हणजे पहिला पेशंट घेण्याआधीच. निरीक्षणात्मक थिसिसलाही बऱ्याच कमिट्या ती सक्तीची करतात. फॉर्म भरल्यावर आधी ‘आरईएफ’ने सुरू होणारा संदर्भ क्रमांक मिळतो. तो नोंदणी क्रमांक समजू नका. तपासणारे शंका काढतात, उत्तरं भरून फॉर्म पुन्हा पाठवावा लागतो, मगच सीटीआरआय क्रमांक येतो. पहिल्या पेशंटची तारीख महिनाभर पुढची ठेवा. ती उलटून गेली की अडचण होते.

विषय थिसिसपुरता न ठेवता पुढे मोठा अभ्यास करायचा असेल तर टाटा मेमोरियल सेंटर आणि नॅशनल कॅन्सर ग्रिड (देशभरातल्या कॅन्सर केंद्रांचं जाळं) यांच्या ‘क्रेडो’ कार्यशाळेसाठी अर्ज करा. 2015 पासून चालणारी ही निवासी कार्यशाळा खास तरुण कॅन्सर डॉक्टरांसाठी आहे. अर्जात अभ्यासाची कल्पना मांडायची, निवड झाली की तज्ज्ञांसोबत बसून तिथेच पूर्ण प्रोटोकॉल लिहायचा. प्रश्न एकच आणि नेमका असू द्या. पाच मार्कर एकदम तपासणारे अर्ज मागे पडतात.

मंजुरीनंतर बारीक बदलही कळवायचा असतो. 3 मिलिलिटर रक्ताचे 5 केले तरी आधी दुरुस्तीचा अर्ज, मग सुई. वर्षातून एकदा तरी प्रगती अहवाल द्या. आणि ब्लॉक शेवटपर्यंत कापू नका. निदानापुरती गाठ शिल्लक राहील अशी हमी प्रोटोकॉलमध्ये दिलेली असते. काम झालं की ब्लॉक पॅथॉलॉजीला परत करून रजिस्टरमध्ये सही घ्या. त्याच पेशंटचा आजार पुढच्या वर्षी उलटला आणि टार्गेटेड औषधासाठी तपासणी लागली, तर त्याच्यासाठी तोच ब्लॉक शोधला जाणार आहे.