कार्यसाधक ॲप आणि स्वतंत्र डेव्हलपर (मुंबई)

कामांची यादी, टिपणे, दिनदर्शिका, खर्चाचा हिशेब, कागदपत्रांचे स्कॅनिंग, वेळेची नोंद अशी रोजची कामे मोबाइलवर मार्गी लावणारी ॲप म्हणजे कार्यसाधक ॲप. बोलण्यात सर्रास ‘प्रॉडक्टिव्हिटी ॲप’ म्हणतात. कंपनीची नोकरी किंवा गुंतवणूकदारांचा पैसा न घेता, एकट्याने किंवा दोघातिघांनी मिळून अशी ॲप बनवून विकणाऱ्यांना येथे ‘स्वतंत्र डेव्हलपर’ म्हटले आहे. ‘विकासक’ हा मराठी पर्याय कोशांत आढळतो. परंतु मुंबईच्या वृत्तपत्रांत विकासक म्हणजे इमारती बांधणारा, हा अर्थ इतका पक्का झाला आहे की तो शब्द टाळलेला बरा.

संज्ञा : ‘उत्पादकता’ हा शब्द कारखान्यांकडून आला. घातलेले श्रम व साधने यांच्या मानाने किती माल निघाला, याचे ते माप. भारतात राष्ट्रीय उत्पादकता परिषद १९५८ मध्ये स्थापन झाली. मुंबईत पवई येथे १९६३ मध्ये औद्योगिक अभियांत्रिकीच्या प्रशिक्षणाची राष्ट्रीय संस्था (नीटी) सुरू झाली. २०२३ मध्ये तीच आयआयएम मुंबई झाली. पुढे वैयक्तिक संगणकांवरील लेखन व आकडेमोडीच्या प्रणालींना हेच विशेषण लागले आणि तेथून ते मोबाइलवर आले. वाणसामानाच्या यादीला कारखान्याचे माप लावणे काहींना खटकते, आणि तो आक्षेप योग्य वाटतो. घरातल्या माणसाला जास्त माल काढायचा नसतो, काही विसरायचे नसते. म्हणून या नोंदीत ‘कार्यसाधक’ हा शब्द घेतला आहे.

उगम : या प्रकाराचा आरंभ कोठून धरावा याबद्दल एकमत नाही. १९७९ च्या व्हिसिकॅल्क या गणनपत्रकापर्यंत (स्प्रेडशीट) मागे जाणारे आहेत, पण ते मेजावरच्या संगणकासाठी होते. खिशात मावणाऱ्या यंत्रांत १९८४ च्या सायन ऑर्गनायझरला पहिला मान देणारा एक पक्ष आहे. दुसरा पक्ष १९९६ च्या पाम पायलटचे नाव घेतो. त्यावर दिनदर्शिका, पत्ते, कामांची यादी आणि टिपणे यांसाठी चार स्वतंत्र बटणे होती, आणि संगणकाला जोडलेल्या खाचेत (‘क्रेडल’) ठेवून एक बटण दाबले की यंत्रातील व संगणकावरील नोंदी जुळत. आजही बहुतेक कार्यसाधक ॲप या चार बटणांचाच विस्तार असतात. रचनेचा वारसा पामकडे जातो, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते. मात्र स्वतंत्र डेव्हलपरच्या दृष्टीने खरा आरंभ २००८ चा. त्या वर्षी १० जुलैला ॲपलचे ॲप स्टोअर सुमारे ५०० ॲपसह उघडले आणि ऑक्टोबरात अँड्रॉइड मार्केट आले (२०१२ पासून गूगल प्ले). त्याआधी प्रणाली गिऱ्हाईकाच्या फोनपर्यंत पोचवायची तर बहुतांशी फोन बनवणाऱ्या किंवा मोबाइल सेवा देणाऱ्या कंपनीचा उंबरठा झिजवावा लागे.

दुकानाचे नियम : ॲप दुकानात ठेवण्यासाठी ॲपलकडे वर्षाला ९९ डॉलर भरावे लागतात, गूगल प्लेवर एकदाच २५ डॉलर. विक्रीतून आरंभी ३० टक्के दुकानाला जात. २०२१ पासून छोट्या डेव्हलपरांसाठी, म्हणजे वर्षाला १० लाख डॉलरपर्यंतच्या उत्पन्नावर, दोघांनीही हा वाटा १५ टक्क्यांवर आणला. मुंबईतला एकटा डेव्हलपर या मर्यादेच्या खूप आतच असतो, त्यामुळे त्याच्यासाठी १५ हाच व्यवहारातला आकडा.

एकदाच किंमत घेऊन ॲप विकण्याची पद्धत मागे पडत गेली. २०१६ मध्ये ॲपलने वर्गणीची सोय सर्व प्रकारच्या ॲपना खुली केल्यावर तर वेगाने. भारतात या वर्गणीला निराळे वळण लागले. कार्डावरून दरमहा आपोआप पैसे कापण्यावर फोर्टमध्ये मुख्यालय असलेल्या रिझर्व्ह बँकेचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाले : आगाऊ सूचना हवी, आणि ठरावीक रकमेच्या वर दर वेळी ग्राहकाची मंजुरी हवी. ही मर्यादा प्रथम ५,००० रुपये होती; २०२२ मध्ये ती १५,००० झाली. महिना ९९ रुपयांच्या ॲपला मर्यादेचा अडसर नव्हता, पण नव्या पद्धतीने संमती घ्यायची व्यवस्था उभी राहीपर्यंत चालू वर्गण्या तुटल्या. २०१६ मध्ये मुंबईतच सुरू झालेल्या यूपीआयवर २०२० पासून ऑटोपेची सोय आहे; लहान रकमांच्या वर्गणीसाठी आज तोच सरळ मार्ग. प्लेवर गूगलच्याच व्यवस्थेतून पैसे भरण्याच्या सक्तीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने २०२२ मध्ये गूगलला ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड केला. अपिलात २०२५ मध्ये तो बराच कमी झाला.

मुंबईतील उदाहरणे : मुंबईकराचा दिवस ज्या ॲपवर बेतला जातो ते एम-इंडिकेटर सचिन टेके यांनी २०१० मध्ये आणले. लोकलचे वेळापत्रक आणि बसचे मार्ग इंटरनेटविना पाहता येणे हे त्याचे बळ. जावा चालणाऱ्या साध्या फोनांवरही ते मिळत असे. दुकानाच्या वर्गवारीत ते प्रवासाचे ॲप आहे, आणि कडक व्याख्या धरणारे त्याला या नोंदीत जागा देणार नाहीत. पण ८:१४ ची गाडी धरायची की ८:२१ ची, यावर ज्या शहरात घरातली आंघोळीची पाळी ठरते, तेथे त्याला कार्यसाधक न म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही.

इंटरनेटविना चालणे ही मुंबईत चैनीची बाब नाही. गर्दीच्या लोकलमध्ये सिग्नल येतो-जातो, आरे ते कफ परेड ही मेट्रो ३ जवळजवळ पूर्ण भुयारी आहे. म्हणून नोंद आधी फोनमध्येच साठवायची आणि नेटवर्क मिळताच सर्व्हरशी जुळवायची, अशी रचना लागते. अडचण जुळवताना येते. मशीद बंदरच्या एका दुकानाची यादी बाप-लेकाच्या दोन फोनांवर आहे असे समजा. दोघांनाही नेटवर्क नाही. मुलाने ‘तूरडाळ ५ किलो’चे १० केले, वडिलांनी तीच ओळ खोडली. ‘शेवटची नोंद खरी’ हा सोपा नियम लावला तर ज्याच्या फोनचे घड्याळ पुढे, त्याचे खरे ठरते. घड्याळावर विसंबू नये, हे संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लँपोर्ट यांनी १९७८ मध्येच दाखवले होते. २०११ नंतर वेगवेगळ्या यंत्रांवरचे बदल आपोआप जुळवणाऱ्या विदारचनांचे (सीआरडीटी) शास्त्र रुळले. एकट्या डेव्हलपरला मात्र आपल्या जुन्या वहीखात्यातली रीत जास्त उपयोगी पडेल. कीर्दीत, म्हणजे रोजच्या व्यवहारांच्या वहीत, नोंद खोडत नाहीत. चुकली तर उलट नोंद करतात, आणि खतावणी (खातेवार मांडलेली वही) कीर्दीवरून पुन्हा मांडता येते. ॲपनेही प्रत्येक फेरफार नवी ओळ म्हणून ठेवला आणि यादी त्या ओळींवरून मांडली, तर दोन कीर्दी एकत्र करणे सोपे जाते आणि कोणाचेच काही हरवत नाही.

संधी कोठे आहे : टिपणे व आठवणी यांची ॲप आता फोनसोबत फुकट येतात (ॲपलचे रिमाइंडर्स २०११, गूगल कीप २०१३). नावाजलेली स्वतंत्र ॲपही विकत घेऊन बंद केली जातात; वंडरलिस्ट मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये घेतले आणि २०२० मध्ये बंद केले. सर्वांसाठी आणखी एक कामांची यादी बनवण्यात एकट्याने वर्ष घालवू नये, असे स्पष्ट म्हणावेसे वाटते. जे काम मराठी घरात, चाळीत, सोसायटीत रोज चालते आणि ज्याचे शब्द परक्या कंपनीला ठाऊकच नाहीत, तेथे जागा मोकळी आहे.

उदाहरण घरातलेच. १९७३ मध्ये जयंतराव साळगांवकर यांनी मुंबईत सुरू केलेले ‘कालनिर्णय’ भिंतीवर असते, आणि तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने दुधाचा हिशेब असतो. या हिशेबाची रीत नीट पाहावी. दूध आले त्या दिवशी कोणी काही लिहीत नाही. आले नाही तर ‘खाडा’, आणि जास्त घेतले तर ‘+½’. महिना ३१ दिवसांचा, रतीब दीड लिटरचा, खाडे ३ आणि एक दिवस अर्धा लिटर जादा : २८ × १.५ + ०.५ = ४२.५ लिटर, ६० रुपये दराने २,५५० रुपये. म्हणजे नेहमीचे गृहीत आणि नोंद फक्त वेगळ्याची. सवयी नोंदवणारी परदेशी घडणीची ॲप याच्या नेमकी उलटी चालतात; रोज खूण करा, नाही केलीत तर दिवस बुडाला. त्यांच्यात दुधाचा हिशेब बसवायला गेलेली गृहिणी आठवड्यात पुन्हा पेन्सिल हातात घेते. पेपरवाला, घरकामाच्या बाई, डबा, इस्त्री, मुलांची शिकवणी, सगळ्यांचा हिशेब खाड्यावरच चालतो. दूधहिशेबाची लहान ॲप दुकानात आहेतही. पण खाडा हा शब्द आणि त्यामागचे गणित मुळाशी धरून सगळे हिशेब एका जागी आणण्याचे काम अजून कोणीतरी मनावर घ्यावे असे आहे.

भिशीचे तसेच. कोणी भरले, कोणाची लागली, पुढची कोणाकडे, एवढी वही ॲपला सहज ठेवता येते. मात्र ॲपने पैसे स्वतः हाताळायला घेतले की १९८२ च्या चिट फंड कायद्याचे प्रश्न उभे राहतात. वहीपुरते राहणे शहाणपणाचे. गणेशोत्सव मंडळांची वर्गणी व पावत्या, सोसायटीच्या टँकरची नोंद ही क्षेत्रेही याच जातीची.

देवनागरीचा प्रश्न : अँड्रॉइडवर मराठी भाषा २०१४ च्या ५.० आवृत्तीपासून मिळते. त्याआधी २०१३ मध्ये आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागाने ‘स्वरचक्र’ हा कळफलक फुकट दिला. व्यंजनावर बोट ठेवले की भोवती बाराखडीचे चक्र उमटते. टंकनाची अडचण त्यामुळे व नंतरच्या कळफलकांमुळे सरली. शोधाची राहिली आहे. ‘ॲप’ हा शब्दच घ्यावा. त्याचे पहिले अक्षर युनिकोडमध्ये (संगणकावर प्रत्येक अक्षराला संकेतांक देणारी जागतिक पद्धत) दोन प्रकारे लिहिले जाते : २००८ च्या ५.१ आवृत्तीत आलेले एकसंध ॲ (यू+०९७२), किंवा अ, न दिसणारे जोडचिन्ह आणि चंद्र अशी तीन चिन्हे. डोळ्यांना दोन्ही सारखी दिसतात, यंत्राला वेगळी. अर्ध्या र चेही तसेच. ‘पायऱ्या धुवून घेणे’ यातला ऱ्य एका कळफलकावरून नुक्त्याच्या र ने येतो, दुसऱ्यावरून साधा र, हलन्त आणि जोडचिन्ह यांनी. आईने एका फोनवर लिहिलेली ‘पायऱ्या’ मुलाने दुसऱ्या फोनवर शोधली तर सापडत नाही, आणि ॲप ‘नोंद नाही’ म्हणते. युनिकोडचे प्रमाणीकरण या जोड्या एक करीत नाही; ते डेव्हलपरने स्वतः करायचे असते. पंधरा-वीस ओळींचे काम आहे. क्रमवारीतही संकेतांकाप्रमाणे ळ हा ल च्या शेजारी पडतो, मराठी वर्णमालेत तो ह च्या नंतर. सोसायटीच्या यादीत क्षीरसागर क मध्ये शिरतात आणि सेक्रेटरी क्ष मध्ये शोधत राहतात.

तिथीची आठवण : ‘दर महिन्याच्या ५ तारखेला’ ही आठवण कोणतेही ॲप देते; ‘दर संकष्टीला’ ही देता येत नाही. संगणकांतील दिनदर्शिकांच्या देवाणघेवाणीचा रूढ नमुना (२००९) ग्रेगोरियन कालगणनेवर बेतला आहे. २०१५ मध्ये इतर कालगणनांसाठी त्याला जोड मिळाली. ती महिना व दिवस मोजते, तिथी मात्र दिवसाच्या हिशेबात बसत नाही. सूर्य व चंद्र यांतील अंतर १२ अंशांनी वाढले की एक तिथी. चंद्राची गती कमीजास्त असल्याने ती सुमारे १९ ते २६ तासांची भरते. म्हणून एखाद्या तिथीचा क्षय होतो, एखादीची वृद्धी. संकष्टीला आणखी एक अट : कृष्ण चतुर्थी चंद्रोदयाच्या वेळी असावी लागते. चंद्रोदय गावागणिक बदलतो. मुंबई व नागपूर यांच्या रेखांशांत सहा अंशांहून थोडा जास्त फरक आहे, म्हणजे केवळ त्यानेच सुमारे २५ मिनिटे. ॲपला गाव विचारल्यावाचून गत्यंतर नाही. शिवाय पंचांगकर्त्यांतील मतभेद आहेत : टिळक पंचांग अयनांश (राशिचक्राचा आरंभबिंदू ठरवणारा कोन) वेगळे धरते, त्यामुळे अधिक मास कधीकधी निराळा येतो. दृक्‌प्रत्ययाने येणाऱ्या, म्हणजे आकाशात पडताळता येणाऱ्या गणिताकडे बहुतेकांचा कल असून तो ग्राह्य वाटतो. तरी टिळक पंचांग मानणाऱ्या घरांसाठी निवड ठेवावी. ग्रहगणितासाठी प्रचलित स्विस एफेमेरिस ही प्रणाली मुक्त किंवा सशुल्क परवान्याने मिळते. मुक्त परवाना घेतला तर आपल्या ॲपची संहिताही (सोर्स कोड) खुली करावी लागते, हे बेत आखण्यापूर्वीच पाहून घ्यावे.

कायदा व निगा : २०१८ मध्ये गूगलने एसएमएस वाचण्याची परवानगी आवळली, तेव्हा बँकेचे संदेश वाचून खर्च मांडणारी ॲप अडचणीत आली. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने बंदी घातलेल्या ५९ ॲपमध्ये कॅमस्कॅनर होते. त्याची जागा घेण्यास अनेक भारतीय स्कॅनर पुढे आले. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (माहिती) संरक्षण कायद्यात संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांतही, म्हणजे मराठीतही, वाचण्याची सोय द्यावी अशी तरतूद आहे. नव्या वैयक्तिक खात्यांना प्लेवर ॲप खुले करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. तसेच अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्यांशी ॲप वेळोवेळी जुळवून घ्यावे लागते. न घेतल्यास नव्या फोनांवर ते दुकानात दिसेनासे होते. एका माणसाचे ॲप आजारपणात किंवा नोकरी लागल्यावर असेच नाहीसे होते, म्हणून नोंदी साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये बाहेर काढण्याची सोय पहिल्या आवृत्तीपासून असावी. तेवढी असली की दुधाचा हिशेब पुढच्या ॲपमध्ये उचलून नेता येतो, किंवा छापून कपाटात ठेवता येतो.