आधी कोणाचं कार्ड?

गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये रविवारी दुपारी पाच-सहा पोरं चटई टाकून पोकेमॉनची कार्डं मांडतात. भांडण ठरलेलं. "एका टर्नला एकच एनर्जी लावायची ना रे!" "माझ्याकडे ब्लास्टॉइज आहे, मी हव्या तेवढ्या लावणार." (एनर्जी म्हणजे पोकेमॉनला हल्ला करायला लागणारी शक्तीची कार्डं, ब्लास्टॉइज हा एक पोकेमॉन.) नियम पहिल्याच्या बाजूने, कार्ड दुसऱ्याच्या. आणि या खेळांत नियम आणि कार्ड यांचं जमेना की कार्डाचं ऐकायचं असतं.

आपल्या मेंढीकोटात ही भानगड नाही. हुकूम बोलला की पुढे दश्शी दश्शीच राहते, तिच्यावर काही लिहिलेलं नसतं. स्वतःचा नियम अंगावर घेऊन येणारी कार्डं पाकिटांत घालून विकायचा धंदा सुरू झाला १९९३ मध्ये, रिचर्ड गारफिल्ड यांच्या 'मॅजिक: द गॅदरिंग'पासून. गारफिल्ड गणितातले डॉक्टरेट, विषय कॉम्बिनेटोरिक्स, म्हणजे कशाशी काय किती तऱ्हांनी जुळतं याचंच शास्त्र. पहिल्या संचात २९५ कार्डं होती. त्यांच्या जोड्या किती होतात, हे त्यांना सांगायला नको होतं!

तरी पहिल्याच संचात हे होतं: एक माउंटन, एक ब्लॅक लोटस, चॅनल आणि फायरबॉल. माउंटन लाल मॅना (कार्ड खेळायला मोजायचं चलन) एक देतो, लोटस हिरवे तीन. चॅनलला दोन हिरवे लागतात, एक उरतो. चॅनल म्हणतं, एक लाइफ (हे संपलं की हार) द्या, एक मॅना घ्या. तुमच्या २० पैकी १९ लाइफ दिलं की हातात एकूण २१ मॅना. फायरबॉलचा स्वतःचा एक गेला, उरलेल्या २० चा मार समोरच्याला. त्याचं लाइफही २०च. पहिल्याच टर्नला खेळ खलास, आणि तुम्ही एका लाइफवर जिवंत. पुढे स्पर्धांमध्ये लोटस आणि चॅनल दोघांवरही निर्बंध आले.

खरी डोकेदुखी मात्र क्रमाची. समजा माझ्याकडे २/२ चा, म्हणजे दोनचा मार देणारा आणि दोनच्या माराने मरणारा, प्राणी आहे. तुम्ही त्यावर तीनचा मार देणारा लाइटनिंग बोल्ट टाकला, मी उत्तरादाखल दोन्ही आकडे तीनने वाढवणारी जायंट ग्रोथ टाकली. ग्रोथ आधी लागू होते, प्राणी ५/५ होतो, वाचतो. उलट मी आधी ग्रोथ टाकली आणि तुम्ही उत्तरादाखल बोल्ट, तर बोल्ट आधी. प्राणी मेला, ग्रोथ वाया. कार्डं तीच दोन. पंगतीच्या ताटांची चळत आठवा, शेवटी ठेवलेलं ताट पहिलं उचललं जातं. मॅजिकमध्ये या चळतीला 'स्टॅक' म्हणतात आणि तो आला १९९९ च्या सहाव्या आवृत्तीत. त्याआधी 'इन्स्टंट' नावाची झटपट कार्डं वेगळी, त्यांच्याहून चपळ 'इंटरप्ट' वेगळी, मार टाळायची वेळ आणखी वेगळी. त्या काळचे वाद पार्किंगमधल्यांहून फार शहाणे नसावेत. यू-गी-ओ या दुसऱ्या कार्डखेळात हेच काम 'चेन' करते.

नियम चोख झाले म्हणून जोड्या आटोक्यात आल्या असं नाही. मॅजिकच्या, भारतावरून बेतलेल्या 'कलादेश' (आता नाव 'आविष्कार') या जगात सहेली राय नावाचं पात्र आहे (नावावरून शेजारच्या इमारतीतली वाटते). ती आपल्या प्राण्याची नक्कल बनवते. जानेवारी २०१७ च्या पुढच्या संचात आला फेलिडार गार्डियन हा मांजरवर्गी प्राणी: तो मैदानात आला की आपलंच दुसरं एखादं कार्ड काढून पुन्हा मांडता येतं. सहेलीने त्याची नक्कल करायची, नकलेने सहेलीला नव्याने मांडायचं, तिने पुन्हा नक्कल करायची. मांजरांना अंतच नाही, आणि नकला सगळ्या त्याच टर्नला हल्ला करणाऱ्या. ही जोडी खेळ बनवणाऱ्यांच्याच नजरेतून सुटली होती. एप्रिलमध्ये आधी जाहीर झालं की ताज्या संचांच्या 'स्टँडर्ड' स्पर्धांसाठीच्या बंदीच्या यादीत बदल नाही. दोनच दिवसांनी गार्डियनवर तिथे बंदी आली.

पोकेमॉनमध्ये समोरच्याच्या टर्नला मध्ये तोंड घालता येत नाही, म्हणून आमच्या पोरांना स्टॅक लागत नाही, फक्त कार्ड नीट वाचावं लागतं. ब्लास्टॉइजवाल्याचं कार्ड मामाकडून आलेलं, पहिल्या संचातलं. वरच्या मजल्यावरच्या ताईने चष्मा लावून बारीक इंग्रजी वाचून दाखवलं: एनर्जी हव्या तेवढ्या, पण पाण्याच्या, आणि पाण्याच्याच पोकेमॉनला. हा पठ्ठ्या विजेच्या पिकाचूला लावत होता.