४८ आणि ५१ किलोंच्या मधली मेरी कोम

मेरी कोमची सहाही जागतिक सुवर्णपदकं ४५, ४६ आणि ४८ किलो गटांतली आहेत. ऑलिम्पिकमध्ये मात्र टोकियोपर्यंत महिलांसाठी ५१ किलोंच्या खालचा गटच नव्हता. २०१९च्या अखेरीस निवड चाचणीवरून जो वाद पेटला, त्याचं मूळ या तीन किलोंत आहे.

मणिपूरमधलं बालपण, तिथल्याच डिंको सिंगच्या १९९८च्या बँकॉक आशियाई सुवर्णाने त्या राज्यात आलेली बॉक्सिंगची लाट, घरच्यांपासून लपवून केलेला सराव हे सगळं एव्हाना शाळकरी मुलांनाही पाठ आहे. २००१ मध्ये महिलांची पहिली जागतिक स्पर्धा अमेरिकेत झाली, तिथे तिला ४८ किलोंत रौप्य मिळालं. त्यानंतर २००२, २००५, २००६, २००८ आणि २०१० अशी पाच सुवर्णं आली. मधल्या काळात लग्न झालं, २००७ मध्ये जुळे मुलगे झाले आणि पुढच्याच वर्षी ती पुन्हा जगज्जेती झाली. या पराक्रमाला तोड नाही, यावर कुणाचं दुमत असायचं कारण नाही.

अडचण २००९ मध्ये सुरू झाली. महिला बॉक्सिंगला ऑलिम्पिकची दारं उघडली, पण गट दिले फक्त तीन: ५१, ६० आणि ७५ किलो. मुळातच हलक्या बांध्याच्या मेरीला उंच, लांब हातांच्या मुलींमध्ये उतरावं लागलं. २०१२च्या जागतिक स्पर्धेत ती उपांत्यपूर्व फेरीत हरली. तिला हरवणारी ब्रिटिश बॉक्सर पुढे अंतिम फेरीत पोचली, म्हणून आशियाच्या वाट्याची लंडनची जागा मेरीला मिळाली. लंडनमध्ये त्याच बॉक्सरने तिला उपांत्य फेरीत ११-६ असं रोखलं. पदक कांस्य असलं तरी वजनाचा हिशेब मांडला तर मला ते तिच्या काही जागतिक सुवर्णांपेक्षा मोठं वाटतं.

२०१४ मध्ये इंचॉनला ५१ किलोंतच आशियाई सुवर्ण, रिओची पात्रता मात्र हुकली. २०१६ मध्ये ती राज्यसभेवर गेली. कारकीर्द संपली असं बहुतेकांनी धरलं होतं. २०१८ मध्ये तिने ४८ किलोंत आधी राष्ट्रकुल आणि मग दिल्लीत सहावं जागतिक सुवर्ण जिंकलं. टोकियोसाठी पुन्हा ५१ गाठणं आलं. एव्हाना या गटात तेलंगणाची निखत झरीन उभी होती. २०११ची कनिष्ठ जगज्जेती, खांद्याच्या दुखापतीतून सावरलेली आणि मेरीपेक्षा तेरा-चौदा वर्षांनी लहान.

ऑगस्ट २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेसाठी चाचण्या ठरल्या होत्या. ५१ किलोंची चाचणी ऐनवेळी थांबवली गेली आणि अलीकडच्या कामगिरीच्या आधारे मेरीची थेट निवड झाली. निखत तेव्हाही बोलली, पण आवाज फार लांब गेला नाही. ऑक्टोबरमध्ये मेरी रशियातून कांस्य घेऊन परतली. जागतिक स्पर्धेतलं ते तिचं आठवं पदक. भारतीय बॉक्सिंग महासंघाचं लेखी धोरण होतं की महिलांमध्ये सुवर्ण आणि रौप्य विजेत्यांनाच ऑलिम्पिक पात्रता फेरीसाठी चाचणीतून सूट. तरीही कांस्यविजेत्या मेरीला सूट देण्याची भाषा वरिष्ठ पदाधिकाऱ्यांनी जाहीरपणे केली.

इथे निखतने क्रीडामंत्र्यांना खुलं पत्र लिहिलं. तिची मागणी जागेची नव्हती, चाचणीची होती. मंत्र्यांनी महासंघाच्या स्वायत्ततेकडे बोट दाखवलं. एक माजी ऑलिम्पिक सुवर्णविजेता नेमबाज निखतच्या बाजूने बोलला, त्यावर मेरीने बॉक्सिंगमध्ये नाक न खुपसण्याचा सल्ला त्याला दिला. तिची बाजू अशी की नियम महासंघ करतो, चाचणी ठेवली तर मी खेळेन. हे म्हणणं चूक नव्हतं. पण इतकी वर्षं रिंगमध्ये सगळं सिद्ध केलेल्या खेळाडूने स्वतःहूनच चाचणी मागितली असती तर विषय एका दिवसात मिटला असता. खरी चूक धोरण कागदावर ठेवून माणूस बघून ते वाकवू पाहणाऱ्यांची, आणि त्या चुकीची किंमत दोन खेळाडूंनी एकमेकींशी भांडून चुकवली.

शेवटी महासंघ मूळ धोरणावर परतला. डिसेंबरच्या अखेरीस दिल्लीत चाचणी झाली आणि मेरीने ती ९-१ अशी आरामात जिंकली. मिठ्याच जास्त, ठोसे कमी, अशी ती लढत होती. निकालानंतर मेरीने हस्तांदोलन टाळलं आणि दुसऱ्या दिवशी बातम्या ९-१च्या न येता त्या हाताच्या आल्या. निखतच्या पाठीराख्यांनी हॉलमध्ये घातलेला गोंधळही शोभणारा नव्हता, हेही नोंदवायला हवं.

मार्च २०२० मध्ये अम्मानला मेरीने टोकियोची जागा पक्की केली. वर्षभर लांबलेल्या ऑलिम्पिकमध्ये उद्घाटनाला ध्वज तिच्या हाती होता. पहिली लढत तिने जिंकली. दुसऱ्या लढतीत, रिओची कांस्यविजेती असलेल्या कोलंबियाच्या बॉक्सरकडून ती ३-२ अशी हरली आणि आपण जिंकलो या समजुतीतच रिंगमधून उतरली. दुसरी आणि तिसरी फेरी प्रत्येकी ३-२ अशी तिच्या बाजूने होती, मग हार कशी, असा प्रश्न इथेही अनेकांनी विचारला. उत्तर साधं आहे. निकाल फेऱ्या मोजून लागत नाही. प्रत्येक पंच तिन्ही फेऱ्यांच्या गुणांची स्वतःची बेरीज करतो आणि पाचांपैकी बहुमत ज्या बाजूला, ती जिंकते. पहिली फेरी मेरीने ४-१ अशी गमावली होती. तिथला खड्डा दोन निसटत्या फेऱ्यांनी भरला नाही.

पुढच्या वर्षी निखत इस्तंबूलमध्ये ५२ किलोंत जगज्जेती झाली, २०२३ मध्ये दिल्लीत ५० किलोंत पुन्हा. मेरी २०२२च्या राष्ट्रकुल चाचणीसाठी तिच्या जुन्या ४८ किलोंत परतली होती, पण पहिल्याच फेरीत गुडघा दुखावला आणि तिला लढत सोडावी लागली. त्या नोव्हेंबरात तिला चाळीस पूर्ण झाली. हौशी बॉक्सिंगची वयोमर्यादा तेवढीच. जानेवारी २०२४ मध्ये तिच्या निवृत्तीच्या बातम्या झळकल्या, तेव्हा आपण निवृत्ती जाहीर केलेली नाही, असा खुलासा तिने लगेच केला. पॅरिसला महिलांचा सर्वात हलका गट ५० किलोंचा होता.