एका युनिटात साडेतीन युनिट उष्णता

ग्वाल्हेरला डिसेंबर लागला की लश्कर या भागातल्या विजेच्या सामानाच्या दुकानांत एक जुना वाद नव्याने रंगतो. सळईचा हीटर परवडतो, ब्लोअर परवडतो, की तेल भरलेला रेडिएटर? तेलाचा हीटर महाग असला तरी वीज कमी खातो, असे विकणारा सांगतो आणि घेणाराही ते मान्य करतो. हा समज खरा नाही. मीटरवर नोंदले गेलेले एक युनिट कोणत्याही हीटरमध्ये शेवटी सुमारे 860 किलोकॅलरी उष्णताच होते. तेल ती जरा उशिरा सोडू लागते आणि बटण बंद केल्यावरही काही वेळ सोडत राहते, एवढाच काय तो फरक. या दृष्टीने प्रत्येक हीटर शंभर टक्के कार्यक्षम असतो, आणि तरीही विजेवर खोली उबदार करण्याचा याहून उधळा मार्ग शोधून सापडणार नाही.

शंभर टक्क्यांहून अधिक कसे मिळेल, असे कोणी विचारील. पुढे लॉर्ड केल्विन म्हणून ओळखले गेलेले विल्यम थॉमसन यांनी 1852 साली याचे उत्तर कागदावर मांडले होते: उष्णता निर्माण न करता ती बाहेरून आत आणावी. बाहेर 7 अंश सेल्सिअस असले तरी ते निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे उणे 273 अंश या सर्वांत खालच्या शक्य तापमानाच्या, 280 अंश वर आहे, म्हणजे त्या गारठलेल्या हवेतही उष्णता भरपूर आहे. अडचण इतकीच की उष्णता आपणहून थंडाकडून उष्णाकडे जात नाही. विहिरीतले पाणी गच्चीवर चढवायला जशी मोटर लागते, तशी येथे कॉम्प्रेसर लागतो. मोटर पाणी तयार करत नाही, आणि तिला किती वीज लागेल हे पाण्याइतकेच चढाच्या उंचीवर ठरते. येथे चढ म्हणजे दोन तापमानांतील फरक, आणि या लेखातील बहुतेक सर्व मुद्दे त्याच्याभोवतीच फिरतात.

हा चढ प्रत्यक्षात कसा चढला जातो ते पाहू. आजच्या बहुतेक घरगुती एसीत आर-32 नावाचा वायू असतो. साध्या वातावरणीय दाबाला तो उणे 52 अंशांच्या आसपास उकळतो. दाब सुमारे 8 वातावरणांइतका ठेवला की त्याचा उत्कलनबिंदू शून्य अंशावर येतो आणि 28 वातावरणांच्या दाबाखाली तो 45 अंशांपर्यंत जातो. हिवाळ्यात बाहेरच्या कॉइलमध्ये कमी दाबाचा द्रव शून्य अंशाला उकळत असतो. त्याच्या मानाने 7 अंशांची हवा उष्णच असल्याने उकळण्यासाठी लागणारी उष्णता तो त्या हवेतून ओढून घेतो. कॉम्प्रेसर या वाफेचा दाब वाढवतो, आणि आतल्या कॉइलमध्ये ती 45 अंशांना पुन्हा द्रव होताना बाहेरून आणलेली सगळी उष्णता, शिवाय कॉम्प्रेसरने खर्च केलेली ऊर्जाही, खोलीला देऊन टाकते. मग एका अरुंद वाटेने दाब उतरतो आणि चक्र पुन्हा सुरू होते. उन्हाळ्यात चार तोंडांची एक झडप या प्रवाहाची दिशा उलटवते. हीच झडप असलेले यंत्र बाजारात ‘हॉट अँड कोल्ड’ म्हणून मिळते.

आता थोडे गणित करावे लागेल. फ्रेंच अभियंते सादी कार्नो यांनी 1824 साली घातलेल्या पायावर उभ्या राहिलेल्या सिद्धांतानुसार, अशा यंत्राकडून एका युनिट विजेमागे मिळू शकणारी कमाल उष्णता म्हणजे निरपेक्ष शून्यापासून मोजलेले वरचे तापमान भागिले दोन तापमानांतील फरक. खोली 22 अंश आणि बाहेर 7 अंश धरल्यास 295 भागिले 15, म्हणजे जवळजवळ 20 येतात. पण प्रत्यक्षात असे यंत्र नाही. कारण उष्णतेला कॉइलमधून वाहायलाही तापमानाचा उतार लागतो, म्हणून खरा चढ 7 ते 22 असा नसून शून्य ते 45 असा असतो. 318 भागिले 45 केल्यास 7 उरतात. कॉम्प्रेसरमधील घर्षण आणि इतर तोटे त्यातले अर्धे खातात, आणि हाती साडेतीन येतात. ज्या उष्णतेसाठी हीटर 10 युनिटे जाळतो, ती हा उष्णतेचा पंप सुमारे 3 युनिटांत आणून देतो.

एसीसंबंधीचे बाकीचे सल्ले या चढातूनच निघतात. पंचतारांकित यंत्रात सहसा कॉइल मोठे असते, त्यामुळे तेवढीच उष्णता कमी उतारावर वाहते. इन्व्हर्टर एसीचा कॉम्प्रेसर मंद चालतो तेव्हाही हेच घडते. जानेवारी 2020 पासून नवा एसी सुरू करताच आपोआप लागणारे तापमान 24 अंश ठेवण्याचा नियम आला, त्यामागेही हाच हिशेब आहे; 16 अंश लावून तापलेली खोली लवकर गार होत नाही, कारण यंत्र तेव्हा आधीच पूर्ण जोरात चालत असते. मे महिन्यात 44 अंशांच्या हवेत उष्णता टाकण्यासाठी बाहेरचे कॉइल 56 अंशांना आणि आतले 10 अंशांना आहे असे धरू; चढ 46 अंशांचा झाला. तेच आउटडोअर जुन्या वाड्याच्या बंद बोळकांडीत बसवले आणि ते स्वतःचीच 50 अंशांची गरम हवा पुन्हा ओढू लागले, तर चढ 52 चा होतो आणि तेवढ्याच थंडाव्यासाठी वीज किमान 13 टक्के जास्त लागते. बसवणाऱ्या कारागिराची सोय बघून जागा ठरवू नये, ती वारा बघून ठरवावी.

प्लगमध्ये खोचायच्या ‘वीजबचत’ डब्यांचा मात्र या चढाशी काहीही संबंध नाही. त्यात फार तर एक कपॅसिटर असतो, आणि घरगुती मीटर ज्या ऊर्जेचे पैसे घेतो तिच्यात त्याने काही फरक पडत नाही. हिरवा दिवा लागतो, त्याची वीज उलट आपल्याच खात्यावर पडते.

यंत्र घेण्याआधी गच्ची पाहावी. दुपारच्या उन्हात चौरस मीटरला सुमारे 1000 वॅट पडतात. पांढरा चुना किंवा परावर्तक रंग त्यातला मोठा भाग परत पाठवतो आणि उपसायची उष्णताच कमी होते. कोरड्या मेमध्ये कूलर अजूनही सर्वांत स्वस्त आहे, पावसाळी हवेत तो निरुपयोगी. केवळ सहा-आठ आठवड्यांच्या थंडीसाठी चालू एसी काढून टाकणे मला शहाणपणाचे वाटत नाही. पण जुना बदलायचाच असेल, तर झडपेचे थोडे जास्त पैसे जरूर द्यावेत. बंद खोलीत कोळशाची सिगडी तर कधीच पेटवू नये, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

नवे यंत्र हिवाळ्यात चालवताना दोन गोष्टी ठाऊक असाव्यात. गरम हवा छताशी साचते, म्हणून एसीच्या पट्ट्या खाली वळवाव्यात. आणि जानेवारीच्या दाट धुक्यात, बाहेर 4 अंश असताना, आउटडोअरचे कॉइल शून्याखाली जाऊन त्यावर हिम धरते. ते वितळवण्यासाठी यंत्र अधूनमधून काही मिनिटे झडप उलटवते. तेवढा वेळ आतला पंखा थांबतो आणि बाहेर वाफ निघून पाणी ठिबकते. तेव्हा गॅस संपला असे समजून मेकॅनिकला बोलावण्याची गरज नसते.