पेट्रोलचा काटा गंडला? मीटर बदलायच्या आधी हे वाचून घ्या

जुनी एमजी, ट्रायम्फ नाहीतर जॅग्वार बाळगणाऱ्या आमच्या सगळ्या ग्राहकांसाठी

आमच्याकडे जुन्या स्पोर्ट्स कार येतात त्यात सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार हीच, "भाऊ, काटा तर अर्धी टाकी दाखवून राहिला होता अन् गाडी फुटाळा तलावाजवळ बंद पडली." आणि बहुतेक जण पुढचं सगळं घरूनच ठरवून येतात, मीटर गेला, बाहेरून मागवून द्या. मागवून देऊ, आम्हाला काय, पण जरा थांबा, काहून की डॅशबोर्डवरचा मीटर हा या सगळ्या सिस्टीममधला सगळ्यात कमी बिघडणारा भाग आहे, खराबी बहुतेक वेळा अर्थिंगमध्ये (गाडीच्या बॉडीतून वीज बॅटरीला परत जायचा रस्ता), व्होल्टेजमध्ये नाहीतर टाकीतलं पेट्रोल मोजणाऱ्या सेंडरमध्ये असते, आणि या तीन गोष्टी नीट पाहिल्याशिवाय नवीन मीटर लावला तर तोही तसाच चुकीचा दाखवणार.

आधी हे चालतं कसं ते समजून घ्या, मग बाकीचं सोपं आहे. टाकीत एका दांड्याला फ्लोट असतो, पेट्रोल वर-खाली झालं की दांडा हलतो आणि सेंडरमधल्या बारीक तारेच्या गुंडाळीवर एक पत्ती सरकते, त्याने रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, बदलतो. साठच्या दशकाच्या मध्यानंतरच्या इंग्लिश गाड्यांत, उदाहरणार्थ एमजीच्या एमजीबी मॉडेलमध्ये १९६४ च्या शेवटी, स्मिथ्स कंपनीचे बायमेटलवाले काटे आले. यात काट्याच्या मागे दोन धातूंची जोडपट्टी असते, तिच्यावर गुंडाळलेली तार गरम झाली की पट्टी वाकते आणि काटा सरकतो. म्हणूनच चावी फिरवल्यावर काटा हळूहळू वर चढतो, अर्धा-एक मिनिट घेतो, ही खराबी नाही, त्याचा स्वभावच तसा आहे. त्याच्या आधीच्या गाड्यांतला काटा मात्र चपळ, वळणावर नाचतो, तोही नाचू द्या.

बायमेटलवाल्या गाडीत टाकी रिकामी असताना सेंडरचा रेझिस्टन्स साधारण अडीचशे ओहमच्या आसपास आणि फुल असताना वीस-तीस. म्हणजे रस्त्यात कुठेही गंज, सैल वायर, रंगाचा थर आला की रेझिस्टन्स वाढतो आणि काटा कमी दाखवतो. उलट व्होल्टेज जास्त मिळालं की काटा जास्त दाखवतो. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी अर्धं निदान तुम्ही घरी बसून करू शकता.

काटा कमी दाखवतो किंवा उठतच नाही

पहिले अर्थिंग पहा. टाकीला वेगळी अर्थ वायर बऱ्याच गाड्यांत नसते, ती बोल्टमधूनच बॉडीला जोडलेली असते, आणि आपल्याकडे काय होतं की मालक हौसेनं टाकी काढून मस्त पावडर कोटिंग करून घेतात, टाकी चमकते पण अर्थ गेला. दुसऱ्या दिवसापासून काटा झोपलेला. अशा वेळी टाकीपासून बॉडीला एक जाड काळी वायर स्वतंत्र ओढून घ्या, दोन्हीकडचा रंग पॉलिश पेपरने साफ घासून.

मग सेंडरला येणारी हिरवी-काळी वायर, म्हणजे हिरव्यावर काळी रेघ. ती काढून चावी ऑन करा, बायमेटलचा काटा रिकाम्यावर जायला पाहिजे. आता तीच वायर बॉडीच्या स्वच्छ लोखंडाला टेकवा, टाकीला टेकवू नका, काटा फुलकडे चढला पाहिजे, चढायला लागला की लगेच काढा, जास्त वेळ टेकवून ठेवली तर मीटरची आतली तार गरम होते. चढला तर मीटर आणि वायरिंग दोन्ही ठीक, खराबी सेंडरमध्ये किंवा टाकीच्या अर्थमध्ये. आधीच्या चपळ काट्यात हे बरोबर उलटं होतं, वायर काढली की फुल, टेकवली की रिकामा. हे माहीत नसलेल्या मिस्त्रीने चांगले मीटर खोलून ठेवलेले आम्ही पाहिले आहेत.

सगळे काटे जास्त दाखवतात

पेट्रोलबरोबर टेम्परेचरचा इलेक्ट्रिक काटाही वर चढलेला असेल तर डोळे झाकून दोष व्होल्टेज स्टॅबिलायझरचा धरा. डॅशबोर्डच्या मागे ही एक छोटी पत्र्याची डबी असते, आतमध्ये एक पट्टी गरम-थंड होऊन कॉन्टॅक्ट जोडत-तोडत राहते आणि काट्यांना सरासरी दहा व्होल्ट देते. तिच्या बॉडीचा अर्थ तुटला की जोडणं-तोडणं बंद, बॅटरीचे पूर्ण बारा-चौदा व्होल्ट सरळ काट्यात. टाकी पाव भरलेली अन् काटा अर्ध्यावर, फुटाळ्यावाली गाडी अशीच असते. तपासायला मल्टीमीटर लावू नका, आकडे उड्या मारतात आणि काही कळत नाही, आउटपुटला एक बारीक बल्ब लावा, लुकलुकला तर चालू, एकसारखा पेटून राहिला तर गेला नाहीतर अर्थ नाही. डबीवर वरची बाजू लिहिलेली असते, ती आडवी बसवली तरी चूक दाखवते.

आता इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझर मिळतो आणि आमचं मत विचाराल तर तोच लावा, पण आधी गाडीचा अर्थ कुठला ते पहा. एमजीबी १९६७ पर्यंत पॉझिटिव्ह अर्थ होती, म्हणजे बॅटरीची प्लस बाजू बॉडीला जोडलेली, तिच्यात निगेटिव्ह अर्थवाला बसवला की चावी ऑन केल्याबरोबर जळाला.

सेंडरचं काय

जुना पितळी फ्लोट टाके सुटून गळतो, आत पेट्रोल भरतं आणि तो बुडतो, मग टाकी कितीही भरा काटा रिकामाच. हलवून पाहिला की आत खळखळ ऐकू येते. वर्षानुवर्ष उभ्या गाडीत तारेवर चिकट थर बसतो, काटा मध्येच अडकतो नाहीतर उड्या मारतो. आणि आता पंपावर मिळतं ते ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल, ते पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबरी गॅस्केटला ते सोसत नाही, त्यामुळे सेंडर खोलला की गॅस्केट नवीनच टाका, जुनं परत बसवायचा मोह नको.

दुसऱ्या गाडीचा सेंडर बसवलेला असला तर गोष्टच वेगळी. व्हीडीओ (VDO) कंपनीचा सेंडर टाकी रिकामी असताना दहा ओहम आणि फुलला एकशे ऐंशी, म्हणजे इंग्लिशच्या उलट, पेट्रोल टाकत जा अन् काटा खाली येत जातो. गाडी जुन्या बाजारातून घेतली असेल तर हे आधी तपासा.

सेंडर घरी खोलायचाच असेल तर टाकी जवळपास रिकामी करा, बॅटरी काढा, उघड्यावर करा, आणि सेंडर धरून ठेवणारी लॉक रिंग फिरवायला पितळेची नाहीतर लाकडाची छिन्नी वापरा, लोखंडाची ठिणगी उडते. बिडी-सिगारेटवाल्याला तेवढ्या वेळ तर्री-पोहे खायला पाठवा बाप्पा.

सगळं ठीक निघालं तरी काटा थोडा चुकतो, कारण टाकीचा आकार सरळ नसतो. मग एकच इलाज, सपाट जागी गाडी लावून रिकाम्या टाकीत ५-५ लिटर टाकत जा, प्रत्येक वेळी एक मिनिट थांबा आणि काटा कुठे आला ते लिहून घ्या. एमजीबीची टाकी आधी सुमारे ४५ आणि नंतर ५४ लिटरची झाली, त्यामुळे आपली कोणती ते यातच कळून जाईल. कागद ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा. मीटरच्या मागे कॉर्कने बंद केलेली दोन छोटी भोकं असतात, तिथून काटा सेट होतो, पण तिथे हात घालू नका, ते आम्ही ठरलेले रेझिस्टर लावून करतो.

आणि उन्हाळ्याचं एक. नागपूरचा मे, ४५ डिग्री, सिग्नलवर गाडी उभी आणि बंद पडली तर पेट्रोल संपलं असंच नसतं, पाइपमध्ये पेट्रोलची वाफ होऊन पंप हवा ओढत बसतो. एसयू कंपनीचा इलेक्ट्रिक पेट्रोल पंप असेल तर चावी ऑन करून ऐका, न थांबता टकटकत राहिला तर पेट्रोल येत नाहीये, वाफ झाली आहे किंवा टाकी खरंच रिकामी आहे. बॉनेट उघडून अर्धा तास थंड होऊ द्या, परत चालू झाली तर काट्याला दोष देऊ नका. टाकी गळ्यापर्यंत भरू नका, वीस डिग्री तापलं की ४५ लिटरचं जवळपास एक लिटरने वाढतं आणि झाकणातून बाहेर येतं.

गाडी आमच्याकडे आणाल तेव्हा टाकीत पावभरच पेट्रोल ठेवा, फुल टाकी आणली तर आधी ते काढण्यात आमचा अन् तुमचा दोघांचाही दिवस जातो.