म्हसळ्याच्या रानात गिधाडं कशी टिकली?

रायगड जिल्ह्यातल्या म्हसळा तालुक्यात, चिरगावच्या रानात पांढऱ्या पाठीची गिधाडं उंच झाडांवर घरटी बांधतात. याचं मोल कळायचं तर आधीची पडझड माहीत हवी. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातली या जातीची हजारातली ९९९ गिधाडं संपली.

राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात नव्वदच्या दशकात गिधाडं माना टाकून बसलेली दिसू लागली, मग मरू लागली. सुरुवातीला साथीच्या रोगाचा संशय होता. उत्तर मिळालं २००४ मध्ये, पाकिस्तानातल्या अभ्यासातून: डायक्लोफिनॅक. गुरांच्या तापावर, सुजेवर सर्रास दिलं जाणारं स्वस्त औषध. ते टोचल्यानंतर लवकरच दगावलेलं जनावर गिधाडांनी खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात आणि आतल्या अवयवांवर युरिक ॲसिडचे पांढरे थर साचतात. एका मढ्यावर गिधाडांचा अख्खा थवा उतरतो, त्यामुळे शंभरात एखादं जनावर विषारी असलं तरी पुरे. त्यात मादी वर्षाला एकच अंडं घालते. गेलेली संख्या भरून यायला वाव कुठून राहणार?

२००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. गिधाडांना न बाधणारं मेलॉक्सिकॅम हे पर्यायी औषध तेव्हा उपलब्ध होतं. तरी माणसांसाठीच्या डायक्लोफिनॅकच्या मोठ्या कुप्या गुरांसाठी गोठ्यात पोचतच राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये कुपी ३ मिलीची करावी लागली.

कोकणात मात्र विष थांबवून भागणार नव्हतं, असं मला ठामपणे वाटतं. इथं गिधाडांच्या पोटाचाच प्रश्न होता. तरणी माणसं मुंबईला गेली, नांगरणीला पॉवर टिलर आला, बैलजोड्या विकल्या गेल्या, गोठे ओस पडले. मेलेलं जनावर गावाबाहेर उघड्यावर टाकण्याऐवजी पुरण्याकडे कल वाढला. उरलीसुरली गिधाडं खाणार काय, आणि पिल्लाला भरवणार काय? चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं, भाऊ काटदरे यांच्या पुढाकारानं, रायगड-रत्नागिरीतली घरटी शोधून अन्न पुरवण्याचं काम हाती घेतलं. वेळासची कासवं वाचवणारी हीच संस्था. चिरगावात महाडच्या सीस्केप संस्थेनं वनखातं आणि गावकऱ्यांना सोबत घेऊन मेलेली गुरं ठरलेल्या जागी नेऊन टाकायला सुरुवात केली. दुर्गंधीचं काम, कुणी कौतुकानं बघायला येत नाही. पण आपल्या गोठ्यातलं मेलेलं ढोर न पुरता गिधाडांसाठी द्यायला जे शेतकरी तयार झाले, त्यांचा या कामातला वाटा कुठल्याही सरकारी अधिसूचनेपेक्षा कमी नाही.

झाडांचा प्रश्न तेवढाच अवघड. लांब चोचीचं गिधाड कड्याकपारीत घरटं करतं. पांढऱ्या पाठीच्याला जुनं, उंच झाड लागतं. कोकणातलं बरंचसं रान मालकीचं आहे, रत्नागिरीत तर जवळजवळ सगळंच. रान लाकडासाठी ठेकेदाराला विकलं, की घरट्याचं झाडही त्यासोबत जातं. त्यात ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकलं आणि रायगडात मोठाली झाडं मुळासकट कोसळली.

औषधांचा धोकाही संपलेला नव्हता. किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक हीसुद्धा गिधाडांना मारतात. ॲसिक्लोफिनॅकचं तर जनावराच्या शरीरात डायक्लोफिनॅकच होतं. ही दोन्ही औषधं गुरांना देण्यावर बंदी आली ती २०२३ मध्ये, पहिल्या बंदीनंतर तब्बल सतरा वर्षांनी.